पेण-रोह्याच्या रस्त्यावर एक स्वस्त हायब्रीड

परत आले त्या दिवशी लिहायला बसलेच नाही. बसले असते तर आमच्या संपादकांना निम्मं खोडावं लागलं असतं. राग अजून गेलेला नाही, पण आता निदान वाक्यं पुरी होतायत.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यातल्या एका ग्राहक मंडळाच्या मासिकात गाड्यांवर लिहिते. मासिक जाहिराती घेत नाही, त्यामुळे कुणाचं मन राखायचं नसतं. शोरूमच्या दारातून निघून पुढच्या पेट्रोल पंपाला वळसा घालून परत येण्याला मी गाडी बघणं म्हणत नाही. ज्याला घ्यायची आहे त्याच्या रस्त्यावर, त्याची माणसं आणि त्याचं सामान भरून चालवायची, मग बोलायचं.

या वेळी घेणारा घरातलाच होता. माझा मावसभाऊ अविनाश रोह्याला राहतो, तिथल्याच एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टला जातो. बायको शुभांगी पेणच्या शाळेत शिकवते, रोज एसटीने रोहा-पेण करते, कंबर धरलीय. मावशीचे गुडघे गेलेत, तिला डॉक्टरकडे न्यायचं तर दर वेळी रिक्षा शोधायची. इलेक्ट्रिक गाडी घ्यावी तर बिल्डिंगखाली चार्जर लावायला सोसायटी तयार नाही. पेट्रोलची घ्यावी तर रोजचं अंतर बघता परवडत नाही. म्हणून हायब्रीड. तीही एका कंपनीने नुकतीच काढलेली, ‘सामान्य कुटुंबाची हायब्रीड’ म्हणून पेपरात पानभर झळकलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि विजेची मोटरही असते. भिंतीतल्या प्लगशी तिचा काही संबंध नाही. ब्रेक दाबला, उतार लागला की बॅटरी आपोआप भरते. सुरुवात करताना, गल्लीत, गर्दीत हळू चालताना इंजिन बंद राहतं आणि नुसती मोटर गाडी ओढते. पेट्रोल वाचतं ते तिथे.

पनवेल ते जोहे

पनवेलच्या शोरूमने गाडी द्यायला फार खळखळ केली नाही. मॅनेजरांची अट एवढीच होती की पहिल्या दिवशी त्यांचा सेल्समन तेजस बरोबर राहील. तेजस तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शोरूमचं कार्ड, आणि तोंड एकदा उघडलं की मिटायचं नाव नाही.

“मॅडम, ऐका. काही ऐकू येतंय?”

“नाही.”

“हेच तर! लग्झरी गाडीसारखी शांतता, आणि किंमत बघा!”

खारपाड्याचा पूल ओलांडेपर्यंत त्याने मला ही शांतता तीनदा ऐकवली. मी गाडी बघत होते. सीट बऱ्या, पाय ठेवायला जागा भरपूर. डिकी मात्र लहान, कारण बॅटरीने तिथली जागा खाल्लेली. मागच्या सीटच्या कडेला बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवा आत घेणारी जाळी आहे. तिच्यावर पिशवी किंवा चादर पडली तर बॅटरी तापते, हे तेजसने सांगितलं नाही, मी विचारल्यावर कबूल केलं. डॅशबोर्डवर मात्र निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे हिरवे होणारे दिवे होते. ते त्याने न विचारता दाखवले.

हमरापूरच्या फाट्याला मी गाडी आत वळवली तसा तो सावरून बसला.

“मॅडम, डेमोचा रूट हायवेचाच आहे.”

“तुमचं गिऱ्हाईक हायवेवर राहतं का?”

जोह्यात, पेणजवळच्या या गणपती घडवणाऱ्या गावात, मी आधी गेले नव्हते. फेब्रुवारीचं ऊन होतं. आमच्याकडे पुण्यात गणपती दिसतात ते ऑगस्टच्या सुमारास, रंगवलेले, दागिने चढवलेले, दुकानात ओळीने मांडलेले. इथे ते बारमाही रस्त्यातच असतात. दारात, ओट्यावर, गल्लीच्या दोन्ही कडांना फळ्यांवर पांढरेफटक गणपती वाळत घातलेले, आणि सावली सरकेल तशा बायका फळ्या उचलून उन्हात सरकवतायत. माणूस जाईल, सायकल जाईल, टेम्पो अंग चोरून जाईल एवढीच वाट. स्वस्त गाडीला अशाच वाटांवर आयुष्य काढायचं असतं. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, उतरले आणि मूर्तींच्या एका कारखान्याच्या दारात उभी राहिले.

तिथे मंदाताई भेटल्या. साठीच्या आसपासच्या, काष्टा घातलेल्या. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतात. रंगकाम कुणीही करेल, पण डोळे काढणारा हात कारखान्यात एखादाच असतो, आणि इथे तो त्यांचा होता. सून सारिका हाताशी.

“गणपती न्यायला आलात का गाडी दाखवायला?” त्यांनी हसत विचारलं.

“गाडी बघायला आलेय. चांगली निघाली तर भावाला घ्यायचीय.”

“मंग बसा जरा. गो सारिके, च्या टाक. ही फळी तेवढी उन्हात ठेवू, मंग टाक.”

दोघींनी फळी दोन बाजूंनी उचलली. तेवढ्यात समोरून माती भरलेला टेम्पो आला आणि त्याने हॉर्न दिला. मी गाडीकडे निघाले होते, पण तेजस माझ्याआधी गाडीत शिरला. “डेमो कार आहे मॅडम, रिव्हर्स मीच घेतो.”

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना फळ्या. त्यामुळे मागचा सेन्सर आत सारखा पिंपिं करत होता. भिंत आली तरी पिंपिं, फळी आली तरी पिंपिं. वैतागून तेजसने तो बंद केला. हे त्याने मला नंतर सांगितलं. मला दिसलं ते एवढंच की गाडी मागे यायला लागली. टेम्पोचं इंजिन धडधडत होतं, कारखान्यात रेडिओ चालू होता, आणि ही गाडी एखाद्या सावलीसारखी मागे सरकत होती. मंदाताई तिच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांत फळी घेऊन उभ्या.

मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे नाही. बंपर त्यांना लागला तो जोरात लागला नाही, कुणीतरी चुकून ढकलावं तेवढाच. पण हातात फळी होती. ती वाचवायला त्या वळल्या आणि उजव्या हातावर पडल्या. फळीवरच्या मूर्ती त्यांच्या आसपास फुटल्या.

तेजस धावत उतरला. त्याच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य मी विसरणार नाही. “अहो, बघायचं ना मागे!”

खाली बसलेल्या बाईला, जिचं मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं, तिला तो हे सांगत होता. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मंदाताई रडल्या नाहीत. त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, “मला आयकूच आली नाय गो. टेम्पो आयकू आला, ही नाय.”

पेण

त्याच गाडीतून आम्ही त्यांना पेणला नेलं. दुसरं काही मिळायला वेळ लागला असता. मी चालवत होते, तेजस शेजारी, प्रथमच गप्प. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मनगटाचं हाड मोडलेलं. प्लास्टर घालताना मंदाताईंनी विचारलं, “आखणीला कधी बसता येईल?” डॉक्टर म्हणाले, हात बरा होईल, पण पूर्वीसारखं बारीक काम लगेच होईल अशी खात्री मी देणार नाही. सारिकाने सासूच्या दुसऱ्या हातावर हात ठेवला. त्या मात्र समोरच्या भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

बाहेर येऊन मी शोरूमच्या मॅनेजरांना फोन लावला.

“मॅडम, तुम्हाला काही लागलं नाही ना?”

“मला नाही. जिला लागलंय तिचं विचारा.”

“हो हो, दवाखान्याचं आम्ही बघतो. गाडीला काही झालं?”

मी एक क्षण फोन कानापासून लांब धरला. मग विचारलं, “ही गाडी विजेवर चालताना बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून काहीच आवाज का करत नाही?”

“करते ना मॅडम. हळू चालताना बाहेर आवाज देणारा स्पीकर येतो. पण तो वरच्या मॉडेलला. हे बेस मॉडेल आहे. बजेटमध्ये बसवायची म्हणजे काही फीचर कमी करावी लागतात.”

“आणि ते रंग बदलणारे दिवे?”

“ते सगळ्या मॉडेलला स्टँडर्ड आहेत, मॅडम.” आवाजात जरासा अभिमानच होता.

“भावाने हेच मॉडेल घेतलं आणि स्पीकर वेगळा बसवून मागितला तर?”

“बाहेरचं काही जोडलं तर वॉरंटी जाईल.”

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. समोर बाजार चालू होता, पापडाच्या दुकानात एक बाई पोह्याचे पापड निवडून घेत होती, आणि मला सगळ्यांवर ओरडावंसं वाटत होतं. गाडी स्वस्त करायची म्हणून कंपनीने काय काढलं? जो आत बसतो, जो पैसे देतो, त्याच्या डोळ्यांना दिसणारं काही काढलं नाही. काढलं ते बाहेरच्या माणसाचं. रस्त्यावरून पाठमोऱ्या चालणाऱ्या माणसाचं, जो कधी शोरूममध्ये येणार नाही आणि ज्याला नाराज केल्याने एकही गाडी कमी खपणार नाही. वर्षानुवर्षं वाहनं आवाज करतात म्हणून माणसं बाजूला होतात. तो आवाज तुम्ही काढून घेतलात, आणि परत हवा असेल तर वरच्या मॉडेलचे पैसे भरा म्हणता! आणि ते भरायचे त्याने, ज्याच्या अंगावर गाडी येणार नाही.

मॅनेजरांनी तेजसला लगेच परत बोलावलं. गाडी मात्र माझ्याकडेच राहू द्या म्हणाले, रिव्ह्यू पूर्ण करा. मी तेजसला पेणच्या एसटी स्टँडवर सोडलं. तो उतरताना काहीतरी बोलणार होता. मी काच वर केली.

मंदाताईंना जोह्याला पोचवलं आणि एकटीच रोह्याला निघाले.

रोहा

आता गाडीबद्दल. ती चांगली आहे, हे लिहिताना दात-ओठ खातेय, पण आहे. वडखळपर्यंत धरमतरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत ती जवळजवळ सगळा वेळ विजेवर रांगली. दुसऱ्या दिवशी अविनाश, शुभांगी, मावशी आणि मी असे चौघे बसून नागोठण्याकडे गेलो आणि आलो. एसी चालू ठेवून भिसे खिंड चढताना इंजिन थोडं कण्हलं, पण दमलं नाही. उतारावर बॅटरी भरत आली. खड्डे बऱ्यापैकी गिळते. मावशीला चढता-उतरताना त्रास झाला नाही. पेट्रोल जाहिरातीत लिहिलंय त्यापेक्षा जास्त लागतं, तरी अविनाशच्या ओळखीतल्या कुठल्याही पेट्रोल गाडीपेक्षा कमीच.

अविनाश चालवत होता आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. “ताई, लोण्यासारखी जाते ग! हीच घ्यायची.”

मी त्याला जोह्याचं सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकलंही होतं.

संध्याकाळी त्याच्या मित्राच्या शेतावर पोपटी होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. आम्ही पुणेकर शेंगा उकडतो आणि त्याला पदार्थ म्हणतो. पाल्याचा तो कडसर वास शेंगांत उतरलेला, बोटं भाजतायत तरी माणूस सोलत राहतो. इतकं चांगलं खाणं समोर असताना भांडण्याची माझी इच्छा नव्हती. पण अविनाशच्या मित्राने गाडीचं विचारलं आणि अविनाश म्हणाला, “एक नंबर. आवाज म्हणून नाही. आमच्या गल्लीत सगळ्याच गाड्या बोंबलतात, एक नाही वाजली तर बिघडलं कुठे?”

“तुझ्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात,” मी म्हटलं. “शेवंताकाकू काठी टेकत दूध आणायला जातात. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही.”

“मी बघून चालवीन.”

“तेजसपण बघूनच चालवत होता.”

“मग काय करू ताई?” आता तोही चिडला. “तू लिहून मोकळी होशील. वरचं मॉडेल मला परवडत नाही. पेट्रोलचं परवडत नाही. इलेक्ट्रिक सोसायटी लावू देत नाही. शुभांगी अजून किती वर्षं एसटीत लोंबकळत पेणला जाणार? सांग ना!”

मी जास्तच भडकले. हा प्रश्न अविनाशला पडायलाच नको होता. शुभांगीच्या कमरेची काळजी घ्यायची की शेवंताकाकूंची, ही निवड त्याच्यासमोर मांडणारे लोक कुठेतरी थंड खोलीत बसून कोणतं फीचर वगळायचं ते ठरवत होते. शुभांगीने सोललेल्या शेंगा माझ्या पानात टाकल्या.

पुन्हा जोहे

परतताना मी गाडी हमरस्त्याच्या कडेला ठेवली आणि गल्लीत चालत गेले. मंदाताईंच्या ओट्यावर प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर, चपला बाहेर काढून, तेजस. गळ्यात कार्ड नव्हतं. शर्टाला इस्त्री नव्हती.

“तू इथे कशाला?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सारिकाच म्हणाली, “ताई, हे म्हणतात की आत्यांनी मोबाईलवर बोलायचं. माझीच चूक झाली, मी न बघता मागं सरले, असं.”

मला वाटलं माझा हात उठेल. “लाज वाटते का?”

“वाटते,” तेजस म्हणाला. मग सगळं एकदम बाहेर आलं. शोरूमने त्याला घरी बसवलं होतं. ड्रायव्हरची चूक, ड्रायव्हरला काढला, विषय संपला. पण बाईंनी स्वतःची चूक मान्य केल्याचा व्हिडिओ आणलास तर परत घेण्याचा विचार करू, असं मॅनेजर म्हणाले होते. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरी अजून सांगितलेलं नव्हतं. “मी सेन्सर बंद केला, मॅडम. माझी चूक आहेच. पण मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं की शांतता विका. शांतता विका! मागे माणूस असेल तर काय, हे कुणी सांगितलंच नाही.”

दोन दिवस मी या माणसावर दात धरून होते. आणि आता माझ्या लक्षात आलं की माझा राग चुकीच्या पत्त्यावर पोचवायची सोय शोरूमने किती सफाईने केली होती. हात मोडलेली बाई आणि नोकरी गेलेला माणूस, दोघांना एका ओट्यावर समोरासमोर बसवलं, आणि स्वतः नामानिराळे!

“मंदाताई, तुम्ही असलं काही बोलायचं नाही,” मी म्हटलं.

“थांब गो बाय,” त्या म्हणाल्या. “पोराची नोकरी हाय.” मग तेजसला, “लाव तुझा मोबाईल. बोलते मी.”

सारिका पुढे झाली, “आत्या, नको...” त्यांनी डाव्या हाताने तिला गप्प केलं. तेजसने मोबाईल धरला. मंदाताईंनी पदर सारखा केला आणि सरळ मोबाईलकडे बघून बोलल्या.

“मी मंदा. जोह्याची. माझा हात मोडला. ह्या पोराने मुद्दाम काय केलं नाय. मी पन काय चुकले नाय. मी माझ्या दारात उभी होते. गाडी आली ती मला आयकू आली नाय, कारन गाडी मुकी हाय. तिला आवाज द्या. ह्याला कामावर घ्या. बस झालं?”

हे तेजसला हवं ते नव्हतं. पुसून टाकून पुन्हा विनवणी करणं त्याला शक्य होतं, आणि खरं सांगायचं तर मला तीच भीती वाटत होती. त्याने तो व्हिडिओ मॅनेजरांना पाठवला. पाठवताना मला म्हणाला, “मॅडम, तुमचा नंबर द्या. तुम्हालाही पाठवतो.”

फोन लगेच वाजला. मॅनेजर काय बोलत होते ते ओट्यावर आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. तेजस मध्येच म्हणाला, “सर, बाई खरं बोलतायत,” आणि फोन बंद झाला. त्याने केला की त्यांनी, ते मला कळलं नाही.

सारिकाने त्याच्यापुढे तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी ठेवली. मान खाली घालून त्याने ती संपवली. जाताना मी त्याला गाडीतून पनवेलला येतोस का विचारलं. “नको, एसटीने जातो,” म्हणाला. त्याला परत घेतलं नाही. आता तो खोपोलीकडे एका टायरच्या दुकानात आहे.

दवाखान्याचा खर्च शोरूमने दिला. फुटलेल्या मूर्तींचं आणि बुडालेल्या हंगामाचं काय, यावर मंडळाने त्यांना आणि कंपनीला लिहिलंय. उत्तर नाही. मंदाताई आता सुनेला शेजारी बसवून डोळे काढायला शिकवतात. सारिका म्हणाली, जमतंय थोडं थोडं, पण आत्या गप्प बसून बघतात ना, तेव्हा हात कापतो. गाडी अजून विकली जाते. पेपरात परवाच पुन्हा पानभर होती, खाली रंगीत दिव्यांचा मोठा फोटो.

आमच्या मासिकाचा निकाल असा: हे बेस मॉडेल घेऊ नका. तुमच्या शहरात दुसरं काही परवडत नसेल तर मला शिव्या द्या, पण आधी एक गोष्ट करा. शोरूममध्ये जाल तेव्हा आत बसू नका. मोकळी जागा बघून गाडीकडे पाठ करून लांब उभे राहा, आणि सेल्समनला गाडी अगदी हळू तुमच्या दिशेने आणून चांगलं अंतर ठेवून थांबवायला सांगा. घरचं एक माणूस बाजूला उभं ठेवा.

अविनाशला मी हेच सांगितलं होतं. माझ्यावर चिडलेलाच होता तो, पण गेल्या रविवारी शुभांगीला घेऊन पनवेलला गेला. नवा सेल्समन हसला, पण तयार झाला. अविनाश शोरूमच्या मागच्या आवारात पाठ करून उभा राहिला. उभा राहिला, उभाच राहिला. शेवटी कंटाळून, मान न वळवता त्याने विचारलं, “अहो, सुरू करताय ना?”

बाजूने शुभांगी म्हणाली, “अहो, ती केव्हाची येऊन तुमच्या मागे थांबलीय.”